टूथपेस्ट, चांदी आणि सासूबाईंचा अंगठा

सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आमच्याकडे घटस्थापनेला देव बसतात, म्हणजे टाक विड्याच्या पानांवर एकदा ठेवले की नऊ दिवस जागचे हलवायचे नाहीत. त्यामुळे काय घासायचं-पुसायचं ते आदल्या संध्याकाळीच. लग्नानंतर बरीच वर्षं हे काम सासूबाई करायच्या. त्यांना काचबिंदू झाला, दिसणं कमी कमी होत गेलं, तसं ते माझ्याकडे आलं. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. माझी पद्धत ठरलेली. ओट्यावर जुना पंचा अंथरायचा, वाटीत पांढरी टूथपेस्ट पिळायची, जुना ब्रश घ्यायचा आणि एकेक टाक घासून लख्ख करायचा. पेस्ट चांदीवर फिरली की दोन मिनिटांत पांढऱ्याची करडी आणि करड्याची काळी व्हायची. तो काळा रबडा नळाखाली वाहून जाताना बघायला मला मनापासून आवडायचं. वर्षभराचा मळ निघाला, देव उजळले, असं वाटायचं.

सासूबाई देवघरासमोर पाटावर बसून असायच्या. मी पुसलेला टाक त्यांच्या हातात द्यायचा, त्यांनी तो अंगठ्याने चाचपायचा, नाव घ्यायचं आणि पानावर ठेवायचा. "ही भवानी." "हा वीर." डोळ्यांनी साथ सोडली होती तरी अंगठ्याला सगळे देव पाठ होते. त्या वर्षी एक टाक त्यांच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. त्यांनी तो उलटसुलट केला, पुन्हा अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "अगं, हा कोणता?"

मी सांगितलं, खंडोबा.

"मग याचा कुत्रा कुठे गेला?"

ज्यांच्या घरी टाक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टाक म्हणजे कुलदैवताची आणि पूर्वजांची उठावाची छोटी प्रतिमा. दोन-अडीच बोटं रुंद, चांदीच्या पातळ पत्र्याची. सोनाराकडे देवाचा ठसा असतो, त्यावर पत्रा ठोकून आकृती उठवायची आणि मागून आधार द्यायचा. आमच्या टाकांना मागून तांब्याचा पत्रा आहे. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. खंडोबा घोड्यावर, पुढ्यात म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. देवघरात जोतिबाचाही टाक आहे. तोही घोड्यावर, पण एकटा. सासूबाईंचा अंगठा हे दोन घोडेस्वार ओळखायचा तो खालच्या कुत्र्यावरून आणि म्हाळसेच्या डोक्याच्या बारीकशा उंचवट्यावरून. तो उंचवटा आता सपाट झाला होता.

रात्री सगळे झोपल्यावर मी आमच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात देवपूजेचा एक फोटो आहे, ताम्हनात टाक मांडलेले. फोटो जुना, रंग उडालेला. पण त्यात खंडोबाला डोळे आहेत. भवानीच्या हातांत काय काय आहे ते मोजता येतं. घोड्याच्या लगामाची रेघ दिसते. माझ्यासमोरच्या टाकात चकाकी होती, फोटोतल्यापेक्षा जास्तच, आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत गोटी होती. कडेला एका ठिकाणी चांदीतून तांब्याचा लालसर ठिपका डोकावत होता.

हे एका संध्याकाळी झालं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चिंच, राख, रांगोळी लागून टाक आधीच झिजले होते. उरलेलं मी सहा वर्षांत काढलं, आणि ते किती प्रेमानं काढलं!

चांदीला टूथपेस्ट लावायचं मला कोणी शिकवलं, हे आठवायला गेले तर ठाम असं कोणी सापडत नाही. ते घरातच होतं. माझ्या माहेरी पांढऱ्या दंतमंजनाचा पत्र्याचा डबा असायचा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई त्यातलं चिमूटभर तळहातावर घेऊन चांदीची फुलपात्रं घासायची. पुढे डबा गेला आणि ट्यूब आली. भुकटीची पेस्ट झाली, हात तोच राहिला. त्याच्याही मागे गेलं तर दात आणि भांडी या दोघांना एकच राख होती. चुलीतली गोवरीची राख वस्त्रगाळ करून मिठाबरोबर दाताला लावायची आणि चाळून उरलेली भरड भांड्यांना. म्हणजे दातांच्या औषधाने भांडं घासणं ही आपल्याकडे मुळी युक्ती नव्हतीच, रीत होती. जे तोंडात चालतं ते कुणाला काय अपाय करणार, हा त्यामागचा विश्वास. मीही त्या विश्वासावरच चालले होते. टूथपेस्ट म्हणजे सौम्य. लहान मुलंसुद्धा वापरतात.

आणि काटकसरीचाही भाग होताच. आमच्या घरात ट्यूब कधी संपलेली मला आठवत नाही. शेपटाकडून गुंडाळत आणायची, लाटण्याने दाबायची, मग कात्रीने उभी चिरायची. आत भिंतींना चिकटलेली पेस्ट आणखी तीन दिवस पुरायची, आणि त्यानंतरही जे उरेल ते नळाला किंवा निरांजनाला. ब्रशचंही तसंच. दातांचं काम संपलं की मेंदी लावायला, मग शिलाई मशीन झाडायला, कंगवे धुवायला, आणि शेवटी नुसती दांडी परकराची नाडी ओवायला. जुन्या टूथब्रशबद्दल मला अजूनही आदर आहे. 2012 च्या सप्टेंबरात अंतराळ स्थानकाबाहेर एक बोल्ट नीट बसेना, तेव्हा सुनीता विल्यम्स आणि त्यांचे जपानी सहकारी अकिहिको होशिदे यांनी टूथब्रश जोडून केलेल्या अवजाराने ती जागा साफ केली होती. ही बातमी वाचली तेव्हा माझी आई किती खूश झाली होती! पण ब्रश वेगळा आणि पेस्ट वेगळी.

त्या रात्रीनंतर मी ट्यूबवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. रोज सकाळी हातात घेतो त्या वस्तूत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. गोडसर लगदा होतो आणि पेस्ट सुकत नाही ती सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीनमुळे. फेस येतो तो सोडियम लॉरिल सल्फेटमुळे. आणि प्रत्यक्ष घासण्याचं काम करते ती अगदी बारीक दळलेली भुकटी. आपल्याकडच्या कितीतरी साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये ती कॅल्शियम कार्बोनेटची असते, म्हणजे सोप्या भाषेत खडू. पारदर्शक जेलमध्ये बहुधा सिलिका. मळ विरघळवणारं असं फारसं काही त्यात नाही. फेस थोडं तेलकट उचलतो, बाकी सगळं काम खरवडण्याचं. पॉलिश पेपर वाटून लगदा केला आणि त्यात पुदिना घातला, असं समजायला हरकत नाही.

दाताला ते चालतं, कारण दातावरचं कवच आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे. फ्रीड्रिख मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये कठीणपणाची एक पट्टी मांडली. कोण कोणावर ओरखडा काढू शकतं यावर ती आधारलेली आहे, तळाला 1 वर शंखजिरं आणि वर 10 वर हिरा. तिच्यावर दातांचं कवच 5 च्या आसपास आहे. खडूतलं कॅल्साइट 3 वर. आणि चांदी, सोनं? दोघंही अडीच ते तीन. म्हणजे जी भुकटी दातावरून निसटून जाते तीच चांदीत रुतते. कवचाखालचा दाताचा भाग त्याहून मऊ असतो, म्हणून पेस्ट किती खरबरीत असावी यालाही आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेली आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने हा खरबरीतपणा मोजण्याची रीत ठरवली आहे, आणि त्या मापात 250 च्या वर जायचं नाही. पण हे सगळं मोजमाप दातासाठी केलेलं. चांदीच्या टाकासाठी, चष्म्याच्या भिंगासाठी, नथीच्या मोत्यासाठी ते कोणी केलेलं नाही, आणि ट्यूबवर तसा दावाही नाही. दावा आपणच आपल्या घरात, आपल्या मनाने केलेला असतो.

मला सगळ्यात लागलं ते मात्र पुढचं. चांदी काळी पडते म्हणजे तिच्यावर बाहेरून मळ बसतो, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. तसं नसतं. हवेत गंधकाचे वायू थोडे थोडे असतात. अंड्यात गंधक असतं, रबरात असतं, लोकरीत असतं. त्याच्याशी चांदीचा संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आणि ते काळं असतं. म्हणजे तो काळा थर चांदीचाच आहे, वरच्या पापुद्र्याने रूप बदललेलं आहे, इतकंच. तो खरवडून काढला की चांदी जाते. दर सर्वपित्रीला पंच्यावरून, नळाखालून, मोरीत जो काळा रबडा मी आनंदाने वाहू दिला होता, त्यात खंडोबाचे डोळे होते. म्हाळसेचं डोकं होतं, कुत्रा होता.

दुसरी गोष्ट आमच्या पेठेतल्या सोनारकाकांनी सांगितली. त्यांचं दुकान लहान, बसायला एक बाक, समोर भिंगाचा दिवा. त्यांच्या वडिलांकडून आमच्या सासऱ्यांनी वाट्या घडवून घेतलेल्या. मी टाक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते भिंगाखाली धरले आणि मान वर न करता विचारलं, "वहिनी, टूथपेस्ट लावता का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे बघा." त्यांनी दिव्याचा झोत वळवला. भवानीच्या मुकुटाच्या खाचांमध्ये पांढरं काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. पेस्टच ती. "खाचेत मुळात काळं असतं. ते राहायला पाहिजे. त्या काळ्यामुळे नाक-डोळा दिसतो. तुम्ही काळं काढलं आणि पांढरं भरलं. आता उठाव असला तरी दिसणार कुठून?"

नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा म्हणजे अस्वच्छता, असंच मला वाटत आलं होतं. घडवणारा मात्र त्या सावलीच्या भरवशावर आकृती काढतो. अत्तरदाणीवरची वेल, करंड्यावरचा मोर, फुलपात्रावर कोरलेलं आजोबांचं नाव आणि गाव, या सगळ्यांना ती सावली लागते. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायची किती सुंदर पद्धत आहे. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या सालात. माझ्या आजेसासूबाईंच्या ताटावरचं साल आता वाचता येत नाही. शेवटचा आकडा 7 आहे की 1, यावरून घरात दरवर्षी बोलणं होतं. ते ताटही मीच घासते.

मी काकांना विचारलं, मग करायचं काय? त्यांनी वाट्यांसाठी आणि चमच्यांसाठी एक रीत सांगितली, ती मी तेव्हापासून वापरते. पातेल्यात तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल पसरायची, तीच ती पोळ्या गुंडाळायची. वरून चांगलं कडकडीत पाणी, त्यात खाण्याचा सोडा दोन-तीन चमचे. त्यात काळी पडलेली वाटी अशी ठेवायची की तिचा फॉइलला स्पर्श झाला पाहिजे. थोड्या वेळात सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो, तो गंधक सुटल्याचा. चांदीला चिकटलेला गंधक अॅल्युमिनियममुळे सुटतो आणि काळं पुन्हा चांदी होऊन जागच्या जागी बसतं. घासणं नाही, खरवडणं नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा सासऱ्यांची दूध प्यायची वाटी पाण्यातल्या पाण्यात काळ्याची पिवळट आणि पिवळटाची पांढरी होताना मी नुसती बघत उभी होते. इतकी वर्षं मी जे मोरीत सोडत होते, ते परतही आणता येतं, हे तेव्हा कळलं.

"टाकांनाही हेच करू?" मी विचारलं.

"अजिबात नाही." काका जवळजवळ ओरडलेच. "यांच्या पोटात लाख आहे. गरम पाण्यात लाख मऊ पडेल, पत्रा सुटेल. आणि खाचेतलं उरलंसुरलं काळंही जाईल. टाकांना रिठ्याचं कोमट पाणी, बोट आणि मऊ सुती फडकं. बस. खडे-मोती असलेलं काहीही त्या पातेल्यात घालू नका."

घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी तुला सांगितलं होतं. देवाला ब्रश लावत नाहीत." खरंच सांगितलं होतं. मी ते सोवळ्या-ओवळ्यातलं धरलं होतं आणि मनातल्या मनात बाजूला ठेवलं होतं. बोटाच्या मऊ पेराने जेवढा जोर लागतो तेवढाच लावायचा, एवढा साधा व्यवहार त्यात होता. बोट खाचेत शिरत नाही, त्यामुळे खाचेतलं काळं आपोआप राहतं. त्या बारकाईने समजावून सांगू शकत नव्हत्या, आणि मी विचारलं नाही.

माझं म्हणणं टूथपेस्ट वाईट असं नाही. तिने माझं एक काम इतकं छान केलंय की त्याबद्दल न लिहिणं अन्याय होईल. माझ्या वडिलांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ माझ्याकडे आहे. सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 पासून बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे लग्नात जावयाला, नोकरी लागली की मुलाला, निवृत्तीला साहेबाला, सगळीकडे एचएमटीच. वडील गेल्यावर ते घड्याळ कपाटात पडून होतं. काच इतकी चरचरीत झालेली की आतले आकडे धुक्यातून पाहावे तसे दिसायचे. घड्याळजी म्हणाले, ही काच नाहीच, अॅक्रिलिक आहे, घासून निघेल. त्यांनी माझ्यासमोर सुती चिंधीवर वाटाण्याएवढी पांढरी पेस्ट घेतली आणि गोल गोल फिरवत राहिले. पाच-सात मिनिटं. मध्ये एकदा पुसून पाहिलं, पुन्हा फिरवली. ओल्या फडक्याने पुसलं तर डायलवरचं नाव स्वच्छ, बाराच्या जागच्या रेघा स्वच्छ, सेकंदकाटा चालू. वडिलांच्या मनगटावर ते घड्याळ मी लहानपणी जसं बघत होते, तसं ते पुन्हा दिसलं. मी तिथे दुकानातच रडले.

इथे पेस्ट का चालली? कारण अॅक्रिलिक एकजिनसी असतं, वरपासून खालपर्यंत तेच. वरचा चरे पडलेला पापुद्रा काढला की खाली तसलंच, पण नितळ. काढायला जाड थर आहे आणि वर दुसरं काही चढवलेलं नाही. एखाद्या वस्तूला पेस्ट लावावी की नाही, याचा मी आता एवढाच विचार करते: हिच्या अंगावर काही चढवलेलं आहे का?

आणि हल्ली जवळजवळ सगळ्यावर काहीतरी चढवलेलं असतं. चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या भिंगावर चकाकी टाळणारा थर असतो. माझ्या भाच्याने भिंगावरचा एक ओरखडा काढायला पेस्ट घासली, ओरखडा तिथेच राहिला आणि भोवती ढगासारखा डाग पडला. नवीन भिंग बसवावं लागलं. मोबाइलच्या काचेवर बोटांचं तेल न धरणारा थर असतो, तो एकदा गेला की काच कायमची बोटांनी माखते. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवरचा मुलामा, नॉनस्टिक तवा, सोनेरी रंगाचे नवे नळ, सगळ्यांची कथा तीच. पूर्वी अॅम्बेसेडरच्या आणि फियाटच्या दिव्यांना खरी काच असायची. आता पॉलिकार्बोनेट. उन्हाने ते पिवळं पडतं. दिरांनी गाडीचे दिवे पेस्टने घासले तेव्हा ते इतके स्वच्छ झाले की सोसायटीतल्या चौघांनी तेच केलं. पिवळेपणा खरोखर गेला, पण ऊन अडवणारा मूळचा थर जो काही उरला होता तोही गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या आत दिवे पुन्हा पिवळे, आता जास्तच. नवा संरक्षक थर चढवणार असाल तर घासण्याला अर्थ आहे, एरवी दिव्याचं आयुष्य आपण कमी करतो.

मोत्यांबद्दल मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं. नथ, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, आपला अर्धा दागिना मोत्यांचा. मोत्याची झळाळी त्याच्यावरच्या अतिशय पातळ थरांची असते आणि ते थर असतात कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे मोती आणि पेस्टमधला खडू ही एकाच घराण्यातली मंडळी. मोत्याला पेस्ट लावून ब्रश फिरवला की झळाळीच निघते, आणि ती परत आणायची कुठलीही रीत सोनाराकडे नाही. लिंबू किंवा व्हिनेगर तर त्याहून वाईट, ते मोत्याला चक्क विरघळवतं. हा नियम उलट बाजूने फार उपयोगी पडतो. बोअरच्या पाण्याने नळांवर जो पांढरा खरपुडा जमतो तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. त्याला टूथपेस्ट लावणं म्हणजे खडूने खडू घासणं. तिथे अर्धं लिंबू पुरतं, नळावर दहा मिनिटं उपडं घालून ठेवायचं. फक्त तेच लिंबू खाली संगमरवरावर किंवा शहाबादी फरशीवर ठिबकू देऊ नये. तीही त्याच घराण्यातली, तिच्यावर पांढरट डाग उमटतो.

भाजल्यावर टूथपेस्ट लावतात, त्याबद्दलही इथेच लिहिते, कारण सौम्य आहे, तोंडात चालते, हा तोच विश्वास तिथेही काम करतो आणि तिथे नुकसान चांदीचं होत नाही. आमच्या इमारतीत एका चार वर्षांच्या मुलीच्या हातावर उकळता चहा सांडला. पळापळ झाली आणि कुणीतरी बाथरूममधून ट्यूब आणून पूर्ण हातभर पेस्ट फासली. मुलगी क्षणभर शांत झाली, सगळ्यांना वाटलं, उतार पडला. पेस्टमधल्या मेंथॉलने कातडीला गार वाटतं, पण कातडी प्रत्यक्षात गार होत नाही. आतली उष्णता तशीच काम करत राहते. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना ती वाळलेली पेस्ट फोडांवरून काढावी लागली. त्या पोरीचं ते रडणं मी जिन्यात बसून ऐकलं, अजून विसरले नाही. मी पेस्ट फासली नव्हती. पण फासणाऱ्या बाईला मी थांबवलंही नव्हतं, कारण मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं. भाजलं की नळाचं साधं गार पाणी, वाहतं, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, शाई नाही, तूप नाही, हळद नाही, पेस्ट तर नाहीच. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या, स्वच्छ कापड सैल झाकायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ही वीस मिनिटं फार लांब वाटतात, हातात काहीतरी लावायला असावं असं वाटतं. तेव्हा आपला हात आवरायचा.

टाकांचं काय केलं, ते राहिलंच. सोनारकाका म्हणाले होते, "उजळून देतो. जुने मोडून त्याच चांदीत नवे करू, कमी पडली तर भर घालू. ठसे आहेत माझ्याकडे." झिजलेले टाक असे उजळून घेतातच, त्यात गैर काही नाही. घरात यावर महिनाभर बोलणं चाललं होतं. नवरा म्हणाला, करून टाकू. मला वाटत होतं, करावं, म्हणजे माझ्या हातून गेलेलं निदान भरून निघेल. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, नव्या टाकावर कुत्रा स्पष्ट लागेल अंगठ्याला."

त्या म्हणाल्या, "लागेल. पण तो ओळखीचा असेल का?"

मग तो विषय तसाच राहिला. पुढच्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी सकाळीच रिठे भिजत घातले. संध्याकाळी पाणी कोमट केलं, हाताने घुसळून फेस काढला. सासूबाई म्हणाल्या, या वेळी मी करते, मला दिसायची काय गरज आहे त्याला. त्या पाटावर बसल्या, मांडीवर पंचा. मी परात पुढे ठेवली. त्यांनी एकेक टाक पाण्यात बुडवून बोटाच्या पेराने हळूहळू पुसला, अगदी तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसा. पाणी जेमतेम गढूळ झालं. टाक लख्ख झाले नाहीत, सायीसारखे मऊ पांढरे दिसू लागले, आणि मुकुटाच्या खाचांत थोडी सावली पुन्हा धरलेली होती. वर्षभर मी ब्रश लावला नव्हता.

भवानी झाली, वीर झाला. मग पहिला घोडेस्वार त्यांच्या हातात आला. अंगठा पुढच्या बाजूवरून फिरला, थांबला. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात त्यांनी टाक उलटा केला. मागच्या तांब्याच्या पत्र्याला मी कधीच पेस्ट लावली नव्हती, मागची बाजू कोण घासतं? तिथे कडेला सोनाराने डाग देऊन पत्रा जोडल्याची एक बारीक गाठ आहे, मुगाच्या डाळीएवढी. मला ती इतक्या वर्षांत माहीतच नव्हती. त्यांच्या अंगठ्याने ती शोधली, तिच्यावरून दोनदा फिरला.

"हा खंडोबा," त्या म्हणाल्या आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. "पान पूस आधी. ओलं असेल."